चालू झाली, विझली, पुन्हा जागी झाली: हॅनफर्डच्या अणुभट्टीचं प्रकरण

२६ सप्टेंबर १९४४ च्या रात्री अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी एक अणुभट्टी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती विझली होती. कुणी ती बंद केलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा जागी होऊ लागली, आणि मधल्या काळात कुणी काही दुरुस्तही केलेलं नव्हतं.

पाठ्यपुस्तकातलं विखंडनाचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एक छोटा गोळा येतो, मोठ्या गोळ्यावर आदळतो, मोठा फुटतो आणि त्यातून दोन-तीन छोटे गोळे उडतात. चित्र चुकीचं नाही. पण न्यूट्रॉनचा बाकीचा प्रपंच त्यात दिसत नाही, आणि हॅनफर्डला जे घडलं ते नेमकं त्या न दिसणाऱ्या भागात. त्या रात्री पाळीवर असलेल्या कामगारांची आणि तंत्रज्ञांची नावं इथे दिलेली नाहीत; ज्यांचे निर्णय इतिहासात नोंदले गेले आहेत, तेवढ्यांचीच आहेत.

पार्श्वभूमी

युद्धाचे दिवस होते आणि प्रकल्प गुप्त होता. प्लुटोनियम मोठ्या प्रमाणावर बनवायचं होतं आणि त्यासाठी मोठी अणुभट्टी हवी होती. भौतिकशास्त्राची बाजू शिकागो विद्यापीठातली 'मेटॅलर्जिकल लॅबोरेटरी' सांभाळत होती, तर आराखडा, बांधकाम आणि चालवणं ड्यूपाँ या रसायन कंपनीकडे होतं. शास्त्रज्ञांना हा कारभार फारसा रुचलेला नव्हता. रसायनाचे कारखाने उभारणाऱ्यांना न्यूट्रॉनचं काय कळतं, असा एकूण सूर होता.

तोवरचा अनुभव किती होता? २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या देखरेखीखाली पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया झाली. तिची शक्ती आधी अर्धा वॉट होती, पुढे २०० वॉट. नोव्हेंबर १९४३ मध्ये टेनेसी राज्यातल्या ओक रिजला त्याहून बरीच मोठी भट्टी सुरू झाली. हॅनफर्डची 'बी' भट्टी मात्र २५० मेगावॉट उष्णतेसाठी आखलेली होती, म्हणजे शिकागोच्या २०० वॉटच्या साडेबारा लाख पट. दोन वर्षांच्या आत एवढी उडी मारायची, तर काहीतरी अनपेक्षित वाट्याला येणारच. प्रश्न एवढाच होता की ते काय असेल आणि त्याला पुरेशी जागा ठेवली आहे का.

भट्टी म्हणजे ग्रॅफाइटचा प्रचंड ठोकळा: समोरची बाजू ३६ फूट रुंद, ३६ फूट उंच, खोली २८ फूट. त्यातून आरपार आडव्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, नळ्यांत ॲल्युमिनियमच्या डब्यांत बंद केलेले नैसर्गिक युरेनियमचे लांबट तुकडे, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी सतत वाहणारं नदीचं पाणी.

या नळ्या किती असाव्यात, यावरून आधीच वाद झाला होता. शिकागोच्या गणितानुसार १,५०० पुरेशा होत्या, त्याही वर्तुळाकार मांडणीत. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांत युरेनियम ठेवलं तर तिथले बरेच न्यूट्रॉन बाहेर निसटतात, म्हणून कोपरे भरण्यात फारसा फायदा नाही. तर्क बरोबर होता. ड्यूपाँचे अभियंते जॉर्ज ग्रेव्ह्ज यांनी तरीही हट्ट धरला की कोपऱ्यांतही नळ्या घालायच्या, एकूण २,००४. त्यामुळे वेळही वाढणार होता आणि खर्चही. शास्त्रज्ञांना हा शुद्ध अपव्यय वाटला. ग्रेव्ह्ज यांच्याकडे न्यूट्रॉनविषयी वेगळं काही ज्ञान नव्हतं. नव्या कारखान्यात पहिलं गणित क्वचितच टिकतं, हा रसायन उद्योगातला अनुभव मात्र होता.

न्यूट्रॉन अणुकेंद्रात शिरतो तेव्हा

अडचण समजायची तर न्यूट्रॉनचं नशीब कसं ठरतं ते पाहावं लागेल.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. प्रोटॉनला अणुकेंद्र दूर लोटतं. न्यूट्रॉनला कुणी अडवत नाही, तो अगदी रेंगाळत आला तरी आत जातो. युरेनियम-२३५ च्या केंद्रात तो शिरला की धडकेने केंद्र फुटतं असं नाही. आधी तो त्यात सामावतो आणि युरेनियम-२३६ तयार होतं. सामावताना सुमारे ६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी बंधनऊर्जा मोकळी होते आणि ती सगळ्या केंद्रात पसरते. केंद्र पाण्याच्या थेंबासारखं थरथरतं, लांबट होतं, मध्ये कंबर येते. एका मर्यादेपलीकडे दोन्ही टोकांमधलं विद्युत प्रतिकर्षण पृष्ठताणावर मात करतं आणि थेंब तुटतो. दोन तुकडे होतात, बहुधा असमान. सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते आणि सरासरी २.४ नवे न्यूट्रॉन सुटतात. थेंबाचं हे गणित नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये मांडलं. हे व्हीलर पुढे याच प्रकरणात येतात.

थेंब तुटण्यासाठी ओलांडावा लागणारा उंबरठा युरेनियम-२३५ मध्ये त्या ६.५ च्या किंचित खाली आहे, म्हणून रेंगाळत आलेला न्यूट्रॉनही पुरतो. युरेनियम-२३८ मध्ये तसं होत नाही. त्याच्या केंद्रात १४६ न्यूट्रॉन असतात, म्हणजे सगळे जोडीने बसलेले. नवा आला तर त्याला जोडीदार नाही, त्यामुळे मोकळी होणारी ऊर्जा ४.८ च्या आसपासच राहते आणि उंबरठा पार होत नाही. युरेनियम-२३५ मध्ये १४३, एक सुटा. येणारा त्याच्याशी जोडी जमवतो आणि जास्त ऊर्जा सोडतो. सम-विषमाच्या एवढ्याशा फरकावर सगळा अणुउद्योग उभा आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण फक्त ०.७ टक्के.

आणि २३५ मध्ये शिरलेला प्रत्येक न्यूट्रॉन विखंडन घडवतोच असंही नाही. संथ न्यूट्रॉनच्या बाबतीत सातातल्या एका वेळी केंद्र नुसता गॅमा किरण टाकून शांत बसतं. तो न्यूट्रॉन फुकट गेला.

वेगाचाही प्रश्न आहे. विखंडनातून सुटलेला न्यूट्रॉन प्रचंड वेगात असतो आणि त्या वेगात युरेनियम-२३५ त्याला सहसा पकडत नाही. ग्रॅफाइटमध्ये शंभराहून जास्त टकरा खाऊन तो सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटर एवढा मंदावला की त्याच्या दृष्टीने केंद्राचं 'लक्ष्य' शेकडो पटींनी मोठं होतं. हे लक्ष्य मोजण्याचं एकक आहे बार्न, म्हणजे धान्याचं कोठार. केंद्राच्या मानाने हे क्षेत्रफळ कोठाराएवढं अवाढव्य, असा त्यामागचा विनोद. युद्धकाळात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी केला आणि एककाचं नाव म्हणून कायमचा चिकटला. युरेनियम-२३५ चं संथ न्यूट्रॉनसाठीचं विखंडन-लक्ष्य साधारण ५८५ बार्न आहे. हा आकडा लक्षात ठेवा.

आता हिशेब. शंभर विखंडनांतून सुमारे २४० न्यूट्रॉन जन्माला येतात. त्यातल्या न्यूट्रॉननी पुढची शंभर विखंडनं घडवली तर भट्टी स्थिर राहते. ९९ घडली की ती विझत जाते, १०१ घडली की चढत जाते. उरलेल्या न्यूट्रॉनचे वाटेकरी अनेक: मंदावण्याच्या वाटेवर टपलेलं युरेनियम-२३८, ग्रॅफाइट, ॲल्युमिनियम, पाणी आणि ठोकळ्याच्या कडेने होणारी गळती. २३८ ने गिळलेल्यांपासूनच पुढे प्लुटोनियम बनतं, त्यामुळे हॅनफर्डला तो तोटा नव्हता, तोच तर धंदा होता. पण एकूण ताळेबंद इतका काटेकोर की आणखी एखाद्या खादाडाला जेमतेम जागा होती.

अडचण

त्या रात्री नियंत्रण सळ्या, म्हणजे न्यूट्रॉन गिळून साखळी आवरणाऱ्या सळ्या, टप्प्याटप्प्याने बाहेर काढल्या, साखळी सुरू झाली, शक्ती चढत ९ मेगावॉटपर्यंत गेली. फर्मी तिथे होते. गुप्ततेसाठी तिथे त्यांचं नाव 'फार्मर'. काही तास सगळं सुरळीत चाललं. मग शक्ती टिकवण्यासाठी सळ्या थोड्या आणखी बाहेर ओढाव्या लागल्या. मग आणखी थोड्या. शेवटी ओढायला काही उरलं नाही आणि भट्टी हळूहळू विझली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा जागी होऊ लागली. शक्ती चढवली तर पुन्हा तोच खेळ.

पहिला निर्णय: आधी समजून घ्यायचं

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो साहजिक होता. पाणी न्यूट्रॉन खातं. एखादी नळी गळून ग्रॅफाइट ओलं होत असेल तर भट्टी विझेल. नदीच्या पाण्यातून न्यूट्रॉन शोषणारं एखादं द्रव्य नळ्यांवर साचत असेल, हीसुद्धा कल्पना करता येण्यासारखी होती. पण ही दोन्ही स्पष्टीकरणं एका जागी अडतात. गळती आपोआप बुजत नाही आणि साचलेलं द्रव्य आपोआप निघून जात नाही. भट्टी मात्र आपोआप सावरत होती.

इथे घाई झाली असती तर? पाण्याच्या संशयावर शिक्कामोर्तब करून नळ्या एकेक उघडून तपासायला घेतल्या असत्या, तर कित्येक आठवडे गेले असते आणि हाती काही लागलं नसतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच आहे. 'कुठे बिघडलं' हे विचारण्याआधी त्यांनी 'किती वेळाने बिघडलं आणि किती वेळाने सुधारलं' हे विचारलं.

व्हीलर तेव्हा हॅनफर्डलाच होते. विखंडनाच्या तुकड्यांपैकी एखादा न्यूट्रॉनचा खादाड निघू शकतो, ही शंका त्यांच्या मनात आधीपासून होती. शक्तीचा आलेख समोर आल्यावर त्यांनी वेळेचा माग घेतला. घसरण लगेच सुरू होत नाही, काही तास जातात. म्हणजे चोर विखंडनातून थेट जन्मत नसावा. आधी त्याची आई जन्मते आणि तिच्यापासून तो. सावरायलाही तास लागतात, म्हणजे चोर स्वतःच किरणोत्सारी आहे आणि आपोआप नाहीसा होतो. अर्धायुष्यांच्या, म्हणजे निम्मे अणू नाहीसे व्हायला लागणाऱ्या वेळांच्या, तक्त्यात असं जोडपं शोधायचं होतं. ते सापडलं: आयोडीन-१३५, अर्धायुष्य साडेसहा तासांच्या आसपास, आणि त्यापासून होणारा झेनॉन-१३५, अर्धायुष्य नऊ तासांच्या आसपास.

शिकागोजवळच्या आर्गॉन या ठिकाणी जड पाण्याची एक भट्टी होती. ती मुद्दाम पूर्ण शक्तीवर सलग काही तास चालवून पाहिली. तिथेही तोच परिणाम दिसला, फक्त लहान प्रमाणात. निदान पक्कं झालं.

झेनॉन-१३५ चं संथ न्यूट्रॉनसाठीचं लक्ष्य सुमारे २६ लाख बार्न आहे. मघाचे ५८५ बार्न त्याच्या शेजारी ठेवून पाहा. या केंद्रात ८१ न्यूट्रॉन असतात. एक मिळाला की ८२ होतात, आणि ८२ ही पूर्ण भरलेल्या कवचाची संख्या आहे. शिवाय संथ न्यूट्रॉनच्या ऊर्जेच्या अगदी जवळ त्याचं एक अनुनाद शिखर पडतं, म्हणजे नेमक्या त्या ऊर्जेचे न्यूट्रॉन ते फार सहज पकडतं, आणि एवढ्या राक्षसी भुकेचं थेट कारण हे शिखरच. किती झेनॉन जमला असेल? ९ मेगावॉटवर भट्टी कितीही वेळ चालली तरी साधं गणित सांगतं की तो पाव ग्रॅमही भरणार नाही. सुमारे १,२०० टन ग्रॅफाइटच्या ठोकळ्याला त्याने गप्प केलं होतं.

पर्याय

मागे वळून पाहिलं तर वाटा साधारण चार दिसतात.

भट्टी कमी शक्तीवर चालवायची. झेनॉन विखंडनातूनच बनतो, शक्ती कमी तर झेनॉनही कमी. पण प्लुटोनियमही तेवढंच कमी, आणि त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

झेनॉन काढून टाकायचा. तो वायू असला तरी जन्मतो घन युरेनियमच्या आत, आणि तिथेच अडकून पडतो. बाहेर काढण्याचा रस्ता नाही.

मोठी भट्टी नव्याने बांधायची. महिन्यांमागून महिने गेले असते. शिवाय शेजारी त्याच नमुन्याच्या आणखी दोन भट्ट्या उभ्या राहत होत्या, त्यांचंही काय करायचं हा प्रश्न होताच.

चौथी वाट कोपऱ्यांची. त्या ५०४ नळ्या तयार होत्या, ठोकळ्यातून आरपार गेलेल्या, पाण्याच्या जोडण्यांसकट. जास्त युरेनियम भरलं की दर शंभर विखंडनांमागे गळतीचा वाटा घटतो आणि वाचलेले न्यूट्रॉन झेनॉनला देता येतात.

पण तेवढं पुरेल कशावरून? ९ मेगावॉटवर जे दिसलं ती नुसती झलक होती. २५० वर झेनॉनची भूक कितीतरी जास्त असणार. इथे भौतिकशास्त्रच मदतीला येतं. झेनॉन-१३५ चा एक अणू आयुष्यात एकच न्यूट्रॉन खातो. खाल्ला की तो झेनॉन-१३६ होतो आणि त्याची भूक संपते. शंभर विखंडनांमागे असे सहा-सात अणूच जन्माला येतात. म्हणून शक्ती कितीही वाढवा, शंभर विखंडनांच्या २४० न्यूट्रॉनमधून झेनॉन फार तर सहा-सात खाणार. तोट्याला कमाल मर्यादा आहे. ती मर्यादा नसती तर कोपरेच काय, कितीही नळ्या अपुऱ्या पडल्या असत्या.

कृती आणि परिणाम

नळ्या टप्प्याटप्प्याने भरत नेल्या आणि शक्ती वाढवत नेली. डिसेंबर १९४४ मध्ये शेजारची 'डी' भट्टी सुरू झाली, तिच्या वेळी काय वाढून ठेवलंय हे आधीच ठाऊक होतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये 'बी' भट्टी पूर्ण शक्तीवर पोहोचली. त्याच महिन्यात प्लुटोनियमचा पहिला साठा लॉस अलामॉसला, बॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेकडे, रवाना झाला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमध्ये हॅनफर्डचं प्लुटोनियम होतं. अभियांत्रिकीतलं हे यश ज्या कामासाठी होतं ते लपवून प्रकरण पूर्ण होत नाही.

भट्टी १९६८ पर्यंत चालली. आज ती ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रेव्ह्ज यांना द्रष्टे ठरवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. झेनॉन येणार हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी जागा सोडली ती अज्ञानाची कबुली म्हणून. तोटा कोपऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा निघाला असता तर आज तोच निर्णय विस्मरणात गेला असता. शास्त्रज्ञांचाही तर्क चुकला नव्हता. ज्या वाटेकऱ्यांची नावं माहीत होती, त्यांचा हिशेब अचूक होता. यादीतच एक नाव कमी होतं.

खरी चूक दुसरीकडे आहे, असं मला वाटतं. व्हीलर यांची शंका होती, पण तिचं रूपांतर एखाद्या ठरवून केलेल्या चाचणीत झालं नाही. आर्गॉनची भट्टी मे १९४४ मध्येच सुरू झालेली होती. ती पूर्ण शक्तीवर पुरेसा वेळ सलग चालवली असती आणि सळ्यांची जागा तासातासाला नोंदवली असती, तर हॅनफर्डला कळलं ते काही महिने आधीच कळलं असतं. घटना घडून गेल्यावर हीच चाचणी करायला फार वेळ लागला नाही, हे जास्त बोचतं. ओक रिजची भट्टी कित्येक महिने चालत होती, पण तिथे न्यूट्रॉनची दाटी इतकी कमी की झेनॉनचा परिणाम गोंगाटात बुडून गेला. लहान भट्टीत एखादी गोष्ट दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं धरून चालणं सोपं होतं.

दुसरा मुद्दा भट्टी चढवण्याच्या पद्धतीचा. ९ मेगावॉट ही पूर्ण क्षमतेच्या चार टक्क्यांहून कमी शक्ती आहे. तिथे थांबून काही तास वाट पाहिली, म्हणून अडचण सौम्य रूपात समोर आली. घाईच्या दिवसांत हा संयम टिकला हे विशेष.

झेनॉनचं प्रकरण हॅनफर्डबरोबर संपलं नाही. मोठी भट्टी अचानक बंद पडली की झेनॉन खाणारे न्यूट्रॉन थांबतात, पण आयोडीनपासून त्याचं बनणं चालूच राहतं. त्यामुळे काही तास त्याचं प्रमाण उलट वाढतं, आणि या काळात भट्टी पुन्हा सुरू करणं अवघड किंवा अशक्य होतं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलमध्ये शक्ती फार खाली घसरली होती, तेव्हा साचत चाललेल्या झेनॉनवर मात करण्यासाठी नियंत्रण सळ्या जवळजवळ सगळ्या बाहेर ओढल्या गेल्या. हॅनफर्डला सळ्या ओढून संपल्या तेव्हा भट्टी मुकाट विझली होती. चेर्नोबिलच्या भट्टीची रचना वेगळी होती.